मुळांवरच्या गाठी, शेतात बसवलेली मेंढरे आणि परस्परोपकाराच्या अटी

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे: परस्परोपकारी सहजीवन म्हणजे दोन भिन्न जातींमधील, दोघांनाही लाभ देणारा संबंध, अशी एका ओळीची व्याख्या मुलांना शिकवली जाते. मग मुले समाजातील उदाहरणे देऊ लागतात. कोणी साखर कारखान्याचे, कोणी इर्जिकीचे, म्हणजे गावाने मिळून एकाच्या शेतात काम करण्याच्या प्रथेचे, तर कोणी थेट बलुतेदारीचे. अशा वेळी निसर्गातला आणि समाजातला परस्परोपकार एकच मानायचा का, आणि बलुतेदारीचे उदाहरण बरोबर आहे असे सांगायचे का? जिवाणू खते आणि कोरडवाहू शेती हे माझे कामाचे क्षेत्र असल्यामुळे हाच प्रश्न मला शेताच्या बांधावरही निराळ्या शब्दांत ऐकावा लागतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

व्याख्या चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. तिच्यात लाभाचा उल्लेख आहे, खर्चाचा नाही. आणि एका बाजूने आपला वाटा दिला नाही तर दुसरी बाजू काय करू शकते, याचा तर मुळीच नाही. संबंधाची खरी परीक्षा या शेवटच्या मुद्द्यावर होते, असे माझे मत आहे. जिथे देणे थांबवण्याची सोय दोन्ही बाजूंना आहे तिथे परस्परोपकार टिकतो. जिथे ती एकाच बाजूला आहे तिथे त्याला दुसरे नाव शोधावे लागते.

सोयाबीनपासून सुरुवात करू. पेरणीला पाच-सहा आठवडे झाले की एखादे झाड खुरप्याने भोवतालच्या मातीसकट उकरून काढावे, मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि मुळांना चिकटलेल्या गाठींपैकी एक टपोरी गाठ नखाने चिरावी. आतला गर लालसर गुलाबी असेल तर गाठ काम करते आहे असे समजावे. तो पांढरट असेल तर गाठ अजून कोवळी आहे किंवा निकामी आहे, आणि हिरवट-तपकिरी असेल तर तिचे दिवस भरले आहेत. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या पदार्थाचा असतो. गाठीत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू हवेतील नत्रवायू पकडून त्याचा अमोनिया करतात, पण हे काम करणारे त्यांचे विकर (एन्झाइम) प्राणवायूच्या संपर्कात आले की निकामी होते. उलट, काम करण्यासाठी लागणारी ऊर्जा मिळवायला जिवाणूंना प्राणवायू तर हवाच असतो. या पेचातून वाट काढण्यासाठी लेगहिमोग्लोबिन प्राणवायू मोजून-मापून पोहोचवते. गाठीच्या आवरणातून किती प्राणवायू आत जाऊ द्यायचा हे झाड ठरवते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

हा व्यवहार झाडाला फुकट पडत नाही. नत्रवायूचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतील ऊर्जावाहक पदार्थाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात आणि ही ऊर्जा शेवटी पानांनी तयार केलेल्या साखरेतूनच येते. म्हणजे शेंगांत भरू शकली असती अशी काही साखर झाड मुळांकडे वळवते. मग प्रश्न असा पडतो की गाठीत बसून आयते खाणारा, पण नत्र न देणारा जिवाणू का माजत नाही? त्याचा तर खर्च वाचतो, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढायला हवी. या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००३ साली सोयाबीनवरच प्रयोग करून दिले. त्यांनी काही गाठींभोवतालच्या हवेतील नत्रवायू जवळजवळ पूर्ण काढून त्या जागी अरगॉन भरला. जिवाणू तेच होते आणि त्यांची कुवतही तीच होती. फक्त पकडायला नत्र उरला नाही, म्हणजे झाडाच्या दृष्टीने ते कामचुकार ठरले. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ सुमारे निम्म्यावर आली. झाडाला जिवाणूचा हेतू कळत नाही, कळण्याची गरजही नाही. गाठीतून नत्र येतो की नाही, एवढेच त्याला पुरते.

आता या संबंधाची दुसरी बाजू पाहू. ती शेतकऱ्याला अधिक परिचयाची आहे. जमिनीत नायट्रेट मुबलक असेल तर कडधान्यवर्गीय पिके गाठी कमी धरतात आणि असलेल्या गाठींचे कामही मंदावते. पेरणीच्या वेळी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणू संवर्धक, म्हणजे याच जिवाणूंचे तयार खत, चोळायचे, ते सावलीत सुकवून पेरायचे आणि तीन आठवड्यांनी पीक पिवळट दिसते म्हणून युरियाची पोती मोकळी करायची, हा प्रकार सोयाबीनच्या पट्ट्यात नेहमीचा आहे. सुरुवातीला नत्राचा थोडा हप्ता देण्यात गैर काही नाही, कारण गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार हवा असतो. त्यानंतरचा युरिया मात्र झाडाला जिवाणूपासून तोडतो. बाहेरून आयता नत्र मिळत असताना साखर खर्चून तो विकत घेण्याचे झाडाला कारण उरत नाही. संवर्धक निकृष्ट होते अशी तक्रार मग माझ्याकडे येते. ते कधी कधी खरेच निकृष्ट असते, कधी बुरशीनाशकाच्या आधी चोळलेले असते, तर कधी हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला लावलेले असते आणि ते चालत नाही, कारण दोघांचे जिवाणू वेगळे आहेत. पण बऱ्याचदा संवर्धक चांगले असते आणि संबंधच अनावश्यक करून टाकलेला असतो.

मुळांवरच्या बुरशीचीही हीच कथा आहे. जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी मायकोरायझा बुरशीचे नाते असते. ते इतके जुने आहे की स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही बुरशी दिसते. बुरशी आपल्या बारीक तंतूंनी दूरवरचा स्फुरद (फॉस्फरस) आणून देते आणि झाड तिला साखर देते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की झाड जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीकडे जास्त साखर वळवते आणि बुरशीही जास्त साखर देणाऱ्या मुळाकडे जास्त स्फुरद पाठवते. निवड दोन्हीकडून चालते. आणि इथेही, जमिनीत स्फुरद भरपूर असेल तर मुळांतील बुरशीचे प्रमाण घटते.

जोडीदाराकडून मिळणारी वस्तू तिसरीकडून स्वस्तात मिळू लागली किंवा तिची गरजच संपली की परस्परोपकार सैल पडतो, हा नियम मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच येतो. केनियातील लायकिपिया पठारावर त्याचा मोठा पुरावा मिळाला. तिथल्या एका बाभळीच्या फुगीर पोकळ काट्यांत मुंग्या राहतात; झाड त्यांना घर आणि मधुरस देते आणि त्या हत्ती-जिराफांना फांद्यांपासून हुसकावतात. १९९५ पासून काही भागांना कुंपण घालून मोठे शाकाहारी प्राणी बाहेर ठेवण्यात आले. दहा वर्षांनंतर पाहिले तर संरक्षणाची गरज नसलेल्या झाडांनी फुगीर काटे आणि मधुरसाच्या ग्रंथी कमी केल्या होत्या आणि राखण करणाऱ्या मुंग्यांचा जोर ओसरला होता. आता झाडाचा खर्च वाचून ते जोमाने वाढेल असे कोणालाही वाटले असते. घडले उलटे: मोकळ्या जागी दुसऱ्या जातीच्या मुंग्या शिरल्या. त्या झाडाचे रक्षण करत नाहीत आणि खोड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या बिळांत राहतात. अशी झाडे हळू वाढली आणि जास्त मेली. जुना जोडीदार गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उंबर आहे. तिथे सैल पडायला वावच नाही. उंबराचे फूल दिसणे म्हणजे अशक्य ते घडणे असे आपण म्हणतो, कारण त्याची शेकडो फुले आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत, पोकळीच्या भिंतीला लागलेली असतात. विशिष्ट जातीच्या चिमुकल्या गांधीलमाशीची मादी टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते, घुसताना बहुधा पंख गमावते, सोबत आणलेला पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी असतात. ते माद्यांशी मिलन करून बाहेर पडण्यासाठी बोगदा कोरतात आणि माद्या नवा पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. त्यांचे बाहेरचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून पुढची पिढी नाही. पण एवढ्या घट्ट नात्यातही विश्वासावर काही सोडलेले नाही. उंबरवर्गातील ज्या जातींत मादी मुद्दाम पराग गोळा करून आणते, त्यांतील काहींवर केलेल्या प्रयोगांत पराग न आणता अंडी घातलेली फळे झाडाने पिकण्याआधीच गाळली, म्हणजे फुकट्या मादीची संतती फळासकट खाली पडली. याच कुळातील पुरंदरचे अंजीर मात्र परागणावाचून फळते. त्याला गांधीलमाशी लागत नाही आणि झाडे कलमांनी वाढवली जातात. तिथे झाडाचा जोडीदार शेतकरी झाला आहे. शेतकरी त्याला पसरवतो आणि झाड त्याला खट्टा व मीठा असे दोन बहार देते.

निसर्गाचे वर्णन करताना समाजाची भाषा किती सहज शिरते, तेही इथेच सांगायला हवे, कारण मुलांची गल्लत तिथूनच सुरू होते. काळ्या मसाल्यातले दगडफूल ही एकच वनस्पती नाही. ती बुरशी आणि शैवाल यांची जोडवस्ती आहे, असे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. तेव्हा त्यांनी बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम म्हटले. पुढे इतरांना त्याच दगडफुलात सुखी संसार दिसला. वस्तू तीच, पण पाहणाऱ्याच्या डोक्यातला समाज वेगळा. परस्परोपकाराची संकल्पना तर समाजातूनच जीवशास्त्रात गेलेली आहे. फ्रान्समधील ल्यों शहरातले रेशीम विणकर १८२० च्या दशकाच्या अखेरीस परस्पर-साहाय्य संघ स्थापून स्वतःला परस्परवादी म्हणवत होते. त्याच परंपरेतून विचार घडवलेल्या प्येर-जोसेफ प्रूदाँ यांनी बिनव्याजी परस्पर पतपुरवठ्यासाठी १८४९ मध्ये लोकबँक काढायला घेतली, पण ती कामकाज सुरू करण्यापूर्वीच गुंडाळावी लागली. बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ प्येर-जोसेफ व्हान बेनेडन यांनी प्राण्यांचे परजीवी, सहभोजी आणि परस्परोपकारी असे वर्गीकरण केले ते त्यानंतर, १८७० च्या दशकात. पीटर क्रोपोटकिन यांचे परस्पर-साहाय्यावरचे १९०२ मधील प्रसिद्ध विवेचनही मुले याच खात्यात टाकतात. पण त्यातील बहुतेक उदाहरणे एकाच जातीच्या प्राण्यांनी एकमेकांना केलेल्या मदतीची आहेत. पोळ्यातील मधमाश्यांचे सहकार्य हा परस्परोपकार नव्हे. तिथे रक्ताचे नाते हेच मुख्य कारण आहे. माशी आणि फूल यांचा संबंध हा परस्परोपकार होय.

समाजाकडे वळताना मी मुलांना आधी धनगराच्या मेंढ्या दाखवीन, कारण ते उदाहरण निसर्ग आणि समाज यांच्या सीमेवरचे आहे. फलटण, माण, खटाव, पारनेर अशा कमी पावसाच्या भागातील मेंढपाळ पावसाळा आपल्या मुलखात काढतात आणि दिवाळीच्या सुमारास वाडा, म्हणजे कुटुंबांसह कळपांचा फिरता तळ, घेऊन निघतात. काही कोकणात उतरतात, काही नदीकाठच्या बागायती पट्ट्यात जातात आणि मिरगाच्या आधी परततात. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या दिवसा धसकटे, पालापाचोळा आणि बांधावरचे गवत खातात आणि रात्री त्याच शेतात वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून बसवल्या जातात. दुसऱ्या रात्री वाघूर पुढे सरकते, तिसऱ्या रात्री आणखी पुढे, आणि असे करत सारे शेत खतावून निघते. लेंड्या गोळा करून आणल्या असत्या तर मूत्रातले नत्र वाटेतच गेले असते. इथे ते थेट मातीत मुरते. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, हल्ली बहुधा रोख देतो, आणि वाड्याला पाणी व राहायला जागा देतो. मेंढपाळाला उन्हाळ्यात चारा मिळतो. शेतात उभे पीक नसते त्याच काळात मेंढ्या येतात, म्हणून दोघांच्या गरजा एकमेकींना छेदत नाहीत. आणि मोल पटले नाही तर मेंढपाळ शेजारच्या गावात वाडा हलवतो, शेतकरी दुसऱ्या कळपाला बोलावतो. दोघांना एकमेकांची गरज आहे, पण कोणी कोणाला बांधलेला नाही.

हा संबंध जिथे क्षीण झाला तिथे तो का झाला, हे पाहिले की सोयाबीनची गाठ पुन्हा आठवते. पोत्यातले खत आले, त्यामुळे मेंढ्यांच्या खताचे मोल काही काळ उतरले. त्याहून मोठे कारण सिंचन आहे. पाणी आल्यावर खरिपानंतर लगेच रब्बी आणि पुढे ऊस उभा राहू लागला, शेत मोकळे राहण्याचे महिनेच संपले आणि कालचा पाहुणा कळप आज उभ्या पिकाचा शत्रू ठरला. जोडीदारांचा स्वभाव बदलला नाही. परिस्थिती बदलली आणि लाभाचे चिन्ह उलटे झाले. शेणखत महागल्यावर आणि सेंद्रिय मालाला भाव मिळू लागल्यावर काही भागांत मेंढ्या बसवायला पुन्हा विचारणा होते आहे, हेही त्याच नियमाला धरून आहे.

सावड आणि इर्जिक ही जोडी वर्गात एकाच ओळीत सांगितली जाते, पण त्यांची हिशोबाची पद्धत निरनिराळी आहे. सावडीत किंवा पैऱ्यात हिशोब पक्का असतो: आज माझा बैल आणि तुमचा बैल मिळून माझी पेरणी, उद्या तुमची, माझ्या घरची दोन माणसे तुमच्या भांगलणीला आली तर तुमची दोन माझ्याकडे यायला हवीत, आणि पैरा फेडला नाही तर पुढच्या हंगामात कोणी दारात उभे करत नाही. इर्जिकीत ज्याचे काम अडले आहे त्याच्या शेतात गावातले नांगर एका दिवशी उतरतात, तो सर्वांना पोटभर जेवू घालतो आणि तेवढ्यावर दिवस संपतो; कोणी किती तास घाम गाळला हे लिहून ठेवत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागात भातखाचरे करण्यासाठी चालणारी पडकई याच जातीची. यांत सोयाबीनपेक्षा एक अडचण जास्त आहे: गाठीत देणे आणि घेणे एकाच वेळी चालते, पण सावडीत आज दिलेले पंधरा दिवसांनी परत येते. मध्ये काळ गेला की बुडवण्याचा मोह होतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की अशी उधारीची मदत तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत असतील, एकमेकांना ओळखत असतील आणि मागचे लक्षात ठेवत असतील तरच टिकते. खेड्यात या तिन्ही गोष्टी होत्या. ट्रॅक्टर आल्यावर सावड मोडली ती लोक स्वार्थी झाले म्हणून, असे वडीलधारी मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या बैलाची गरज संपली, एवढे कारण पुरेसे आहे. मजुरीचे पैसे रोख देऊन मोकळे होता येते म्हटल्यावर परतफेडीचे ओझे कोणाला हवे असते?

पाण्याच्या बाबतीत याहून गुंतागुंतीची रचना धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवर उभी राहिली. ती म्हणजे फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड; एका फडात एका हंगामात एकच पीक, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या. पाणी सोडणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या हे सर्वांचे मिळून नेमलेले असत. पाळी मोडणाऱ्याचा निवाडा पंच करत. पाणी कमी पडेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला जाई. जमिनी विखुरलेल्या असल्याने त्याचा फटका थोडा-थोडा अनेकांना बसे आणि एकालाच बुडवून बाकीचे तरले असे सहसा घडत नसे. पाटाच्या डोक्याशी जमीन असलेला शेपटाकडच्याचे पाणी चोरतो हा सगळ्या कालव्यांचा रोग आहे. फडात डोके आणि शेपूट बऱ्याच अंशी त्याच शेतकऱ्यांच्या मालकीचे असल्यामुळे चोरीचा फायदाच कमी होई. म्हणजे उपदेशावर विसंबण्याऐवजी जमिनीच्या मांडणीतच अट घालून ठेवली होती. पुढे स्वतःच्या विहिरी झाल्या तसा पाटाच्या दुरुस्तीला यायचा उत्साह ओसरला. बाहेरचा नत्र मिळाल्यावर झाडाने गाठी कमी धराव्यात, तसेच हे झाले.

आता बलुतेदारी. हे उदाहरण मुले निरागसपणे देतात, कारण वरवर पाहता ते व्याख्येत चपखल बसते: सुतार औत देतो, लोहार नांगराचा फाळ शेवटतो, म्हणजे त्याचे झिजलेले टोक पुन्हा घडवतो, चांभार मोट शिवतो, कुणबी सर्वांना खळ्यावर बलुते देतो आणि गावगाडा चालतो. काही अभ्यासकांनीही जातींमधील कामांच्या वाटणीची तुलना एकाच परिसरात निरनिराळे अन्न शोधणाऱ्या प्राणिजातींशी केली आहे. हे वर्णन म्हणून काही प्रमाणात खरे असू शकते, पण त्यावरून परस्परोपकार सिद्ध होत नाही. जीवशास्त्रात तो सिद्ध करण्याची एक सरळ कसोटी आहे: दोघांना वेगळे करून पाहा, दोघांचेही नुकसान झाले तर संबंध परस्परोपकारी, एकाचेच झाले आणि दुसऱ्याची भरभराट झाली तर तो परजीवितेचा.

महाराष्ट्रात हा प्रयोग प्रत्यक्ष इतिहासाने केला आहे. महार वतनदाराला गावाची आणि सरकारची सांगतील ती कामे करावी लागत: सांगावा पोहोचवणे, सारा वसुलीला लोक गोळा करणे, सीमा दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे. कामाला तासांची मर्यादा नव्हती, मोबदला तुटपुंजा होता, आणि वतन वंशपरंपरागत असल्यामुळे कामाची सक्ती एका माणसापुरती न राहता घराण्यावर बसत होती. लोहाराकडे निदान भाता बंद ठेवण्याची धमकी होती. महाराने काम नाकारले तर गाव त्याचे बलुते अडवी, वाट आणि बाजार बंद करी, आणि त्याच्याकडे मात्र गावाला अडवण्याचे असे कोणतेही साधन नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच अवस्थेवर बोट ठेवून. जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीने केलेली, हा त्यांचा १९३६ मधील युक्तिवाद या संदर्भात मला निर्णायक वाटतो: श्रमांची देवाणघेवाण करणारा आपला व्यवसाय बदलू शकतो, श्रमिकांच्या कप्प्यात जन्मलेला बदलू शकत नाही. जे मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत, लष्करात गेले त्यांचे काय झाले? नोकऱ्या हलक्या होत्या, गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे विणकामाच्या, खात्यातही त्यांना प्रवेश नाकारला जात होता, तरी गावात राहण्यापेक्षा ते बरे होते, आणि मागे राहिलेल्यांनीही संधी मिळेल तसे गाव सोडले. वियोगाने एका बाजूचे नुकसान आणि दुसऱ्या बाजूचे भले झाले. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्यामुळे. म्हणून शिक्षकांना माझे स्पष्ट उत्तर असे की बलुतेदारी एकसंध मानू नये. सुतार-लोहारांच्या बाबतीत देवाणघेवाणीचा अंश होता, पण अस्पृश्य ठरवलेल्या बलुतेदारांच्या बाबतीत परस्परोपकार हे वर्णन वर्गात स्वीकारू नये, आणि मुलांनी ते मांडलेच तर नुसते खोडून न टाकता ही वियोगाची कसोटी त्यांच्याकडूनच लावून घ्यावी.

साखर कारखान्याचे उदाहरण त्या मानाने सोपे आहे. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, म्हणून शेतकऱ्याला जवळचा कारखाना हवा. कारखान्याला गाळपाचा हंगाम सलग चालवायला ऊस हवा. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा ऊस घालणारा आणि कारखान्याचा मालक एकच ठरला, हे त्या रचनेचे बळ होते. पण झोनबंदीच्या काळात ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याचे बंधन होते. तेव्हा शेतकऱ्याच्या हातातला जोडीदार निवडण्याचा हक्क गेला आणि दराच्या तक्रारी वाढल्या. बंदी उठल्यावर शेजारचा कारखाना काय देतो याकडे पाहणे शक्य झाले. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे कायदेशीर बंधन हा अशाच प्रकारचा दुसरा लगाम आहे आणि तो पाळला जात नाही तेव्हा काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. भिशीबद्दल एवढेच सांगतो की पहिल्या महिन्यांत रक्कम उचलणारा पुढे हप्ते देईल याची हमी फक्त ओळखीची असते, म्हणून अनोळखी माणसांची मोठी भिशी बुडते आणि चाळीतल्या बायकांची छोटी भिशी वर्षानुवर्षे चालते.

निसर्गातला आणि समाजातला परस्परोपकार यांतला फरकही सांगायला हवा. सोयाबीनचा जिवाणू कामचुकार ठरला तर त्याची संख्या घटते. शिक्षा आणि सुधारणा दोन्ही पिढ्यांच्या निवडीतून होतात, कोणाला काही वाटत नाही आणि कोणी कोणाला वचन दिलेले नसते. माणसांना अट आधी बोलून घालता येते, ती अन्यायाची वाटली तर बदलता येते, आणि जो दुर्बळ आहे त्याच्या बाजूने कायदा उभा करता येतो. निसर्गात परस्परोपकार आहे म्हणून समाजात तो आपोआप होईल, किंवा निसर्गात परजीवी आहेत म्हणून समाजात शोषण स्वाभाविक आहे, ही दोन्ही अनुमाने सारखीच पोकळ आहेत. निसर्गाकडून उसनी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तपासण्याची पद्धत: कोण काय देतो, त्याचा खर्च किती, देणे थांबले तर दुसऱ्याच्या हातात काय आहे, आणि तीच वस्तू आणखी कुठून मिळते.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. ऑगस्टमध्ये दोन शेतांतली सोयाबीनची दहा-दहा झाडे आणावीत: एक शेत जिवाणू संवर्धक लावलेले आणि नंतर युरिया न दिलेले, दुसरे युरिया भरपूर दिलेले. जमीन, वाण आणि पेरणीची तारीख शक्य तितकी सारखी असावी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. गाठी मोजाव्यात, चिराव्यात, रंगांची नोंद करावी. झाडे उपटून आणू नयेत. उपटताना गाठी तुटून मातीतच राहतात आणि मग दोन्ही शेतांचा आकडा सारखाच खोटा येतो. त्याच मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारावे की आपल्याकडे सावड कोणाशी होती, ती कोणत्या वर्षाच्या आसपास थांबली आणि त्या वर्षी गावात नवीन काय आले होते. उत्तरांत ट्रॅक्टर, विहीर, रोजंदारी, भावकीतले भांडण असे काहीही येईल. ज्यांच्या घरी आजोबांनी गाव सोडून शहर गाठले, त्यांच्याकडून ते का सोडले हेही लिहून घ्यावे आणि दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवून मुलांनाच चर्चा करू द्यावी.